म्हैसूरची येझदी, पीथमपूरची येझदी

माझी येझदी रोडकिंग मोटरसायकल म्हैसूरची. नवी येझदी पीथमपूरची. म्हैसूर इंदूरपासून हजार किलोमीटरहून लांब, आणि पीथमपूर माझ्या राजेंद्रनगरच्या घरून निघून राऊ ओलांडलं की आलंच. तरीही दोन्ही गाड्या आलटून पालटून चालवल्यावर मला म्हैसूरची गाडी जवळची वाटली आणि पीथमपूरची लांबची. असं का वाटलं, हा विचार गेले काही महिने डोक्यातून जात नाही. जुनं ते सोनं म्हणून विषय मिटवणं मला पटत नाही. मी आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा ट्रेड शिकवतो. पोरांना पहिल्याच आठवड्यात सांगतो, यंत्रावर माया जरूर करा, पण मत द्यायचं तर मोजून, उघडून आणि चालवून द्या.

दोन्ही गाड्यांची कुळं आधी सांगतो. रुस्तम आणि फारोख इराणी यांचा आयडियल जावा कारखाना 1961 साली म्हैसूरला सुरू झाला. तंत्र चेकोस्लोव्हाकियाच्या जावा कंपनीचं. सत्तरच्या दशकात गाड्यांवर जावाच्या जागी येझदी नाव आलं, 1978मध्ये रोडकिंग आली आणि 1996मध्ये कारखान्याला कुलूप लागलं. माझी गाडी त्याच सुमाराची, रामबागेतल्या एका बँकवाल्या काकांकडून घेतलेली. त्यांनी आरसीबरोबर स्वतःच्या अक्षरातली एक वही दिली होती. कधी प्लग बदलला, कधी ठिणगी पाडणारे पॉइंट घासले, कुठल्या महिन्यात ऍव्हरेज किती पडलं, सगळं त्यात. ती वही मी पुढे चालू ठेवली.

पीथमपूरची गोष्ट आम्हा इंदूरकरांच्या डोळ्यांसमोर घडली. पुण्याच्या फिरोदियांनी होंडाशी भागीदारी करून 1984मध्ये कायनेटिक होंडा काढली आणि तिचा कारखाना आपल्या पीथमपूरला उभा राहिला. बटण दाबलं की सुरू होणारी, गिअर नसलेली स्कूटर धारच्या माळावर बनते याचं त्या काळी किती अप्रूप होतं! आमच्या आयटीआयची पोरं तिथं लागायची आणि घरचे पेढे वाटायचे. 2008मध्ये तो कारखाना महिंद्राकडे गेला. पुढे महिंद्राचा मोठा हिस्सा असलेल्या क्लासिक लेजंड्सनं जावा परत आणली, 2018च्या नोव्हेंबरात, आणि 13 जानेवारी 2022 रोजी येझदीही आणली. कंपनीच्या संस्थापकांत रुस्तम इराणींचे चिरंजीव बोमन इराणी आहेत. म्हणजे म्हैसूरला बंद पडलेली येझदी पुन्हा जन्मली ती माळव्यात. मला याचा मनापासून अभिमान वाटतो.

शोरूमची टेस्ट राइड म्हणजे आग्रा-मुंबई रोडवर पुढच्या कटपर्यंत जायचं आणि वळून परत यायचं. त्यात गाडी कळत नाही. सीटची उंची कळते, हँडल हाताशी येतं का ते कळतं, बस्स. खरी टेस्ट राइड मला घडवली ती माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं. देवासचा मुलगा. आता पीथमपूरला त्याच गाड्यांच्या असेंब्लीवर आहे आणि स्वतःही नव्या येझदींपैकी रोडस्टर चालवतो. रविवारी सकाळी आला आणि म्हणाला, "सर, माझी तुम्ही घ्या, तुमची मला द्या. भेरूघाटापर्यंत जाऊन येऊ."

"माझी सुरू तरी करता येईल का तुला?" मी विचारलं.

"येईल सर. वर्कशॉपमध्ये तुम्हाला रोज बघायचो की."

बघणं आणि करणं यात मात्र येझदीनं मोठं अंतर ठेवलं आहे. तिची किक आणि गिअर एकाच दांडीत असतात, डाव्या बाजूला. गिअरची दांडी आत दाबायची, वर फिरवायची, की तीच किक होते. किक मारली की परत खाली आणायची आणि तिच्यावरच गिअर टाकायचे. गंमत एवढ्यावर संपत नाही. गिअरची दांडी हलली की आतली यंत्रणा क्लच आपोआप सोडवते. त्यामुळे गाडी चालू लागल्यावर हातातला क्लच न दाबताही गिअर बदलता येतो. ही सोय जावाच्या इंजिनिअरांनी इलेक्ट्रॉनिक्सचा एक कणही न वापरता, नुसत्या दांड्या आणि कॅमच्या जोरावर केली. मी दरवर्षी तो भाग उघडून वर्गात टेबलावर ठेवतो. पोरं स्वतःच्या हातानं दांडी फिरवतात आणि क्लचची पाती सुटताना बघतात. काही समजावून सांगावं लागत नाही. डोळ्यांना दिसतं.

मुलानं दोन-तीनदा प्रयत्न केला, पायाला अंदाज आला आणि थंडीतल्या त्या सकाळी गाडी निळसर धूर सोडून बोलायला लागली. मी त्याच्या रोडस्टरचं बटण दाबलं. तीही लगेच सुरू झाली, चोक नाही, वाट बघणं नाही. तेजाजीनगरच्या चौकातून आम्ही खंडवा रोडला लागलो.

आता मोजमापाचं बोलू. रोडकिंगचं इंजिन 248.5 सीसीचं, टू-स्ट्रोक, ताकद 16 अश्वशक्ती, आणि ती सगळी 4,750 आरपीएमला, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला इतक्या फेऱ्यांवर मिळते. रोडस्टरचं इंजिन 334 सीसीचं, फोर-स्ट्रोक, पाण्यानं थंड होणारं, दोन कॅमशाफ्टचं. ताकद 29.7 पीएस (पीएस म्हणजे जवळपास अश्वशक्तीच), म्हणजे जुनीच्या पावणेदोन पटीहून जास्त, पण ती 7,300 आरपीएमला. वर्षानुवर्षं रोडकिंग चालवलेल्या हाताला हा फरक पहिल्या किलोमीटरमध्ये कळतो. माझी गाडी जिथं सगळं देऊन मोकळी होते, तिथं नवी नुकती जागी होत असते. मी सवयीनं लवकर वरचा गिअर टाकत होतो आणि गाडी कुरकुरत होती. सिमरोलच्या अलीकडे मी सवय सोडली, गिअर धरून ठेवला, थ्रॉटल उघडला, आणि काय निघाली ती गाडी! आयआयटीचं फाटक कधी मागे गेलं समजलं नाही. सहावा गिअर टाकून सरळ रस्त्यावर ती अशी शांत धावत होती की मी शेतातला हरभरा बघत होतो. रोडकिंगवर मी शेत बघत नाही. कान इंजिनकडे असतो, डावा पाय दांडीवर असतो, आणि मनात पेट्रोलचा हिशेब असतो. नव्या गाडीनं ते सगळं काम माझ्याकडून काढून स्वतःकडे घेतलं आणि मला रस्ता बघायला मोकळं सोडलं. प्रवास करायचा असेल तर हे फार मोठं देणं आहे.

सिमरोलच्या पुढे भेरूघाट लागतो. माळव्याचं पठार इथं संपतं आणि रस्ता निमाडात उतरतो. हवा बदलते, पळस आणि साग दिसायला लागतात. उतारावर दोन्ही गाड्यांचा स्वभाव जितका उघडा पडला तितका सपाटीवर पडला नसता.

टू-स्ट्रोकमध्ये इंजिनाचं तेल वेगळं राहत नाही. एका लिटर पेट्रोलमागे तीस-चाळीस मिली टू-टी ऑइल टाकीतच मिसळायचं, आणि पेट्रोलबरोबर आत गेलेलं तेच तेल क्रँकची बेअरिंगं आणि पिस्टन भिजवतं. म्हणजे थ्रॉटल बंद तर पेट्रोल बंद, आणि पेट्रोल बंद तर तेलही बंद. लांब उतारावर थ्रॉटल पूर्ण सोडून गाडी गिअरमध्ये सोडली, तर इंजिन वेगानं फिरत राहतं आणि त्याला तेल मिळत नाही. म्हणून जुने टू-स्ट्रोकवाले घाट उतरताना मधूनमधून थ्रॉटल थोडा उघडतात. वेग वाढवायचा नसतो. इंजिनाला तेलाचा घोट द्यायचा असतो. मुलगा माझ्या पुढे होता. पहिलं वळण तो नुसत्या ब्रेकवर उतरला. दुसऱ्या वळणाच्या आधी मला आवाज आला, ब्रूंम, आणि पुन्हा शांतता. त्याला वर्गात शिकवलेलं आठवलं होतं. शिक्षकाला आणखी काय हवं असतं!

माझ्या हाताखालच्या रोडस्टरला अशी काळजी नव्हती. तिचं तेल खाली स्वतंत्र असतं, पंप ते सतत फिरवतो. थ्रॉटल सोडला की इंजिन स्वतःच गाडीला मागे ओढून धरतं, टू-स्ट्रोकमध्ये ही ओढ नावापुरती असते. वर पुढे डिस्क, मागे डिस्क, दोन्ही चाकांना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा. एका वळणावर समोरून वर चढणारा ट्रक माझ्या बाजूला आला. मी पुढचा ब्रेक पूर्ण ओढला, लीव्हर बोटांखाली थरथरला, चाक घसरलं नाही, गाडी सरळ राहिली आणि थांबली. तिथं माझी रोडकिंग असती तर मी त्या वळणावर त्या वेगात आलोच नसतो, हे खरं. पण रस्त्यावरचा दुसरा माणूस आपल्या गाडीचं वय विचारून समोर येत नाही. 125 सीसीच्या वरच्या सगळ्या गाड्यांना एबीएस 2019च्या एप्रिलपासून सक्तीचं झालं, हा दुचाकींच्या बाबतीत आपल्याकडे झालेला सर्वांत चांगला नियम आहे असं मी मानतो. ड्रमब्रेक पुरतात म्हणणाऱ्या माझ्या येझदीप्रेमी मित्रांशी मी यावर भांडतो. माझ्या मुलीला रोज नोकरीवर जायला या दोहोंतली एक द्यायची तर क्षणाचाही विचार न करता नवी देईन.

धुराचंही बोललं पाहिजे. टू-स्ट्रोकमध्ये ताजं मिश्रण आत येतं आणि जळलेला वायू बाहेर जातो, हे दोन्ही एकाच वेळी घडतं. त्यामुळे न जळलेलं थोडं पेट्रोल आणि तेल सायलेन्सरातून निघून जाणारच. कितीही चांगलं ट्यूनिंग करा, हे रचनेतच आहे. 2017पासून वर्षानुवर्षं स्वच्छतेत देशात पहिलं येणाऱ्या शहरात, रीगलच्या सिग्नलवर माझ्यामागे उभ्या असलेल्या स्कूटरवरच्या बाईनं पदर नाकाला लावला, तर तिचं बरोबर आहे. म्हणून रोडकिंग मी रविवारी आणि शहराबाहेरच चालवतो. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले देशभर जमतात, त्या दिवशी मात्र गाडी शहरातून मिरवते.

इथपर्यंत वाचून कुणीही म्हणेल, निकाल लागला. वेग, ब्रेक, आराम, धूर, सगळ्यांत नवी सरस. मग लांबची का वाटली?

बाईग्रामच्या बाजूला चहाला थांबलो तेव्हा त्याचं उत्तर मिळालं. मुलगा माझ्या गाडीभोवती फिरत होता. चेन पूर्ण झाकणारं तिचं कव्हर हातानं चाचपून बघत होता. त्यानं विचारलं, "सर, ही इथं बंद पडली असती तर?"

मी म्हटलं, "प्लग काढून बघायचा. ठिणगी आहे की नाही. असेल तर पेट्रोल येतंय का बघायचं. ठिणगी नसेल तर पॉइंट घासायचे. पान्यांचा बटवा सीटखाली आहे."

"आणि माझी?"

त्याचं उत्तर त्यालाच ठाऊक होतं. तो त्या गाडीचं इंजिन फ्रेममध्ये रोज बसवतो. कुठल्या बोल्टला किती टॉर्क, हे त्याला झोपेतही सांगता येईल. पण पेट्रोल कधी, किती आणि ठिणगी केव्हा, हे ठरवणारा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा छोटा संगणक, त्याच्याकडे येतो तो बंद डबा म्हणून. आत काय लिहिलं आहे हे त्याला माहीत नाही, मला माहीत नाही, सियागंजमागच्या गल्लीतल्या आमच्या मेकॅनिक उस्तादांना माहीत नाही. हे येझदीपुरतं नाही. आज रस्त्यावर येणारी प्रत्येक मोटरसायकल अशीच आहे, आणि धुराबाबतचे बीएस-6चे नियम पाळायचे तर तशीच असावी लागते. ऑक्सिजन सेन्सर धुराचा वास घेतो, तापमानाचा सेन्सर पाण्याचा ताप सांगतो, क्रँकचा सेन्सर पिस्टन कुठं आहे ते कळवतो, आणि डबा प्रत्येक फेऱ्याला निर्णय घेतो. हे तंत्र सुंदर आहे. मी ते शिकवतो आणि शिकवताना मला आनंद होतो.

पण मोटरसायकलचं आयुष्य वॉरंटीपुरतं नसतं. म्हैसूरच्या कारखान्याला कुलूप लागून किती वर्षं झाली, तरी माझी गाडी चालते, कारण ती दुरुस्त करण्याचं ज्ञान कारखान्यात राहिलं नव्हतं. ते गल्लीगल्लीत पसरलं होतं. तिच्या इंजिनात हलणारे मुख्य भाग तीन, पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि क्रँक. व्हॉल्व्ह नाही, कॅमशाफ्ट नाही. सिलिंडर झिजला की बोअर करून मोठा पिस्टन टाकायचा. क्रँक वाजला की दाबून उघडायचा, बेअरिंग बदलून पुन्हा दाबायचा आणि डायलवर सरळ करायचा. आमचे उस्ताद शाळेत चौथीच्या पुढे गेले नाहीत. पण गाडी गल्लीत शिरताना आवाजावरून सांगतात की पिस्टन पिन ढिली आहे. कंपनी गेली, डीलर गेले, सुटे भाग येणं थांबलं, आणि तरी हजारो गाड्या जगल्या त्या अशा माणसांच्या हातावर. म्हणून म्हैसूर मला जवळ वाटतं. त्यांनी आम्हाला उघडता येईल असं यंत्र दिलं.

पीथमपूरची गाडी माझ्या दाराशी बनते, माझे विद्यार्थी ती बनवतात, आणि तीस वर्षांनी ती कोण दुरुस्त करील हे मला सांगता येत नाही. तिचं इंजिन उस्ताद करतील, त्याची मला खात्री आहे. अडेल ते त्या डब्यापाशी आणि त्याच्याशी बोलणाऱ्या यंत्रापाशी. स्कॅनर प्रत्येक कंपनीचा वेगळा, वायरिंगचा नकाशा अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या भिंतीआड.

हा प्रश्न मी एकटाच विचारतो आहे असं नाही. भारतीय स्पर्धा आयोगानं ऑगस्ट 2014मध्ये 14 मोटार कंपन्यांना मिळून 2,544 कोटींचा दंड ठोठावला, तो याच कारणासाठी. बाहेरच्या गॅरेजवाल्यांना सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि तपासणीची साधनं मिळू दिली जात नाहीत, असा तो निष्कर्ष होता. डिसेंबर 2022मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं. त्यात शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं यांच्याबरोबर वाहनंही आहेत. सुरुवात चांगली आहे. पण पोर्टलवर मॅन्युअल दिसणं वेगळं आणि सियागंजच्या उस्तादाच्या हातात त्याला वाचता येईल अशा भाषेत नकाशा असणं वेगळं. ते अंतर भरायचं काम आमच्यासारख्या आयटीआयचं आहे, असं मला वाटतं. पीथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचा 11.3 किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक आहे, 2021मध्ये प्रकाश जावडेकरांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं तेव्हा आशियातला सर्वांत लांब म्हणून त्याचा गाजावाजा झाला. वाहन तपासण्याची एवढी मोठी सोय ज्या भागात आहे, तिथल्या मेकॅनिकला आपल्याच भागात बनलेल्या गाडीचा बिघाड सांगणारा फॉल्ट कोड वाचता येऊ नये, याचं मला दुःख होतं.

परतीच्या वाटेवर आम्ही गाड्या बदलल्या. घाट चढताना माझ्या रोडकिंगनं तिसऱ्या गिअरमध्ये जो सूर धरला, तो मला पाठ आहे. मुलगा मागे अंतर ठेवून येत होता. पुढे काढणं त्याला सहज शक्य होतं.

नवी गाडी मी घेतलेली नाही. घेण्याचा विचार सोडलेलाही नाही. मात्र त्या रविवारनंतर एक गोष्ट केली. भंगारवाल्याकडून अपघातात चेपलेल्या एका फ्युएल इंजेक्शनच्या मोटरसायकलचं इंजिन, वायरिंग आणि ईसीयू वर्कशॉपसाठी मिळवलं. मोठ्या टेबलावर सगळ्या तारा सरळ करून पसरल्या. पोरं मल्टिमीटर घेऊन एकेक तार शोधतात, रंग लिहितात, कुठून कुठं जाते ते फळ्यावर काढतात. थ्रॉटलच्या सेन्सरपाशी पहिलं यश आलं. पाच व्होल्टचा पुरवठा, थ्रॉटल बंद असताना अर्ध्या व्होल्टच्या आसपास, पूर्ण उघडला की साडेचारच्या जवळ. आकडा थ्रॉटलबरोबर वर चढताना बघून मागच्या बाकावरचा एक मुलगा ओरडला, "सर, दिसतंय!"

देवासचा मुलगा सुट्टीच्या दिवशी येतो, हाताशी बसतो आणि पोरांना असेंब्लीवरच्या शिस्तीचं सांगतो. उस्तादांनाही एकदा बोलावलं. त्यांनी सगळ्या तारा बघितल्या, चष्मा वर केला आणि म्हणाले, नकाशा पूर्ण झाला की एक प्रत मला मराठीत नको, हिंदीत द्या. क्रँकच्या सेन्सरच्या तारा अजून लागायच्या आहेत.